जुन्या ल्युअरला नवा रंग देऊ नये: डोवाजॅकचे लाकडी मासे आणि त्यांचा इतिहास

मिशिगनकर

मंचाच्या या विभागात गळ, रीळ आणि दोरा यांवर भरपूर चर्चा होते, पण गळाला जे लावले जाते त्या कृत्रिम आमिषाचा, म्हणजे ल्युअरचा, इतिहास सांगणारा धागा मला कुठे सापडला नाही. म्हणून हा प्रपंच.

मी मिशिगन राज्याच्या नैर्ऋत्य भागात राहतो. घरातील वृद्ध व्यक्ती गेल्यावर तिचे सामान दोन दिवस त्याच घरात मांडून विकण्याची इकडे पद्धत आहे. गेल्या शरद ऋतूत अशाच एका विक्रीत, गॅरेजच्या कोपऱ्यातील फळीवर, हिरव्या पत्र्याची एक पेटी मला मिळाली. झाकण उघडले की तिचे तीन कप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे उलगडत वर येतात. सगळ्यात वरच्या कप्प्यात, गंजलेल्या साखळ्या आणि शिशाच्या गोळ्यांच्या मध्ये, साडेनऊ सेंटिमीटर लांबीचा एक लाकडी मासा होता. पाठ गर्द हिरवी आणि तिच्यावर बारीक भेगांची जाळी, पोट पांढरे पण आता पिवळसर पडलेले, डोळे काचेचे. तोंडाशी आणि शेपटीशी एकेक छोटा पंखा होता आणि त्या पंख्यांच्या पात्यांवर हेडन आणि डोवाजॅक ही अक्षरे उठवलेली होती. दोन्ही कुशींना तीन काट्यांचे दोन दोन गळ आणि शेपटीला एक, असे पाच गळ होते. उजव्या कुशीवर, पुढच्या गळाच्या जरा वर, पाच-सहा समांतर ओरखडे होते आणि त्यांत रंगाखालचे लाकूड दिसत होते. ते पाईक माशाच्या दातांचे असावेत असे मला वाटते, कारण असे दात असलेला हा मासा आमच्याकडच्या तळ्यांत गळाला लागतो.

शेजारच्या गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने सुचवले की पॉलिश कागदाने घासून याला नवा रंग द्यावा, म्हणजे दिवाणखान्यात शोभून दिसेल. त्यांना मी नम्रपणे नकार दिला, कारण ही चूक माझ्या हातून आधी एकदा होऊन गेली आहे. नऊ वर्षांपूर्वी विकत घेतलेले माझे पहिले जुने ल्युअर मी एका रविवारी दुपारी खरवडून काढले आणि लाल-पांढऱ्या एनॅमलने चकचकीत रंगवले. त्यावर मूळ रंगाचे किती थर होते, कोणता थर कारखान्यातला होता, त्याच्यावर कोणत्या माशाच्या दातांच्या खुणा होत्या, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते.

हे लाकडी मासे जिथे घडले ते डोवाजॅक हे गाव माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. जेम्स हेडन (१८४५–१९११) हे तिथले मधमाश्या पाळणारे गृहस्थ. त्यांनी १८८५ मध्ये मधमाश्यांच्या पेटीचे पेटंट घेतले होते, ते गावातले वृत्तपत्रही चालवीत आणि काही काळ नगराध्यक्षही होते. गावात आजही सांगितली जाणारी गोष्ट अशी की १८९०च्या दशकात एके दिवशी ते गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत बसले होते. हाताला चाळा म्हणून चाकूने तासलेला लाकडाचा तुकडा त्यांनी पाण्यात भिरकावला आणि ब्लॅक बास जातीच्या माशाने त्यावर झडप घातली. त्यानंतर त्यांनी लाकडाचे बेडूक कोरले, मग निमुळत्या तोंडाचे तरंगते आमिष बनवले, आणि १९०२ च्या सुमारास मुलांना हाताशी घेऊन रीतसर विक्री सुरू केली. सुरुवातीची आमिषे घरातच रंगवली जात आणि ते काम सुनेने, लॉराने, स्वयंपाकघरात केले असे सांगतात. माझ्या पेटीतला पाच गळांचा मासा हा त्यांच्या ‘डोवाजॅक मिनो’ (मिनो म्हणजे छोटा मासा) मालिकेतील १५० क्रमांकाचा नमुना आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: गळाने मासा पकडणाऱ्या माणसाला माशाविषयी काय कळले होते, याची सर्वांत प्रामाणिक नोंद त्या त्या काळच्या आमिषात असते. लाकूड, डोळा, गळ अडकवण्याची कडी, रंगाचा थर आणि दातांचा ओरखडा या सगळ्या त्या नोंदीतल्या ओळी आहेत, आणि नवा रंग दिला की त्या एकदम पुसल्या जातात. आपल्यापैकी कुणाकडे अशी जुनी आमिषे असतील तर त्यांविषयी जरूर लिहावे.

सावित्रीतीर

मिशिगनकर, धागा मनापासून आवडला. मी रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठचा. आमच्या वडिलांच्या पिढीत जिताडा पकडायचा म्हणजे जिवंत कोळंबी किंवा बोयटाचे पिल्लू गरीला लावायचे. आज माझ्या वयाचे बहुतेक जण रॉड, रीळ आणि ल्युअर घेऊनच खाडीवर जातात आणि कुठल्याही कंपनीच्या ल्युअरला, फिनलंडच्या एका कंपनीच्या नावावरून, सरसकट ‘रापाला’ म्हणतात.

दोन प्रश्न आहेत. पहिला असा की हेडन हेच पहिले होते का? दुसरा जास्त मनात घोळणारा आहे. लाकडाच्या तुकड्यावर मासा झडप घालतो हे माणसाला इतक्या उशिरा कसे कळले? आमच्याकडचा कोणताही म्हातारा कोळी सांगेल की चमकणाऱ्या वस्तूवर मासा येतो.

मिशिगनकर

सावित्रीतीर, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

पहिल्याचे उत्तर नाही असे आहे. अमेरिकेतच हेडन यांच्या अर्धे शतक आधी ज्युलिओ ब्युएल यांनी धातूच्या चमच्यासारख्या फिरत्या आमिषाचे पेटंट १८५२ मध्ये घेतले. त्यांचीही एक गोष्ट सांगतात. व्हरमाँटमधील बोमोझीन तळ्यावर नावेत जेवत असताना हातातला चमचा पाण्यात पडला, तो झोके घेत खाली जात असताना एका मोठ्या माशाने तो गिळला, आणि मग ब्युएल यांनी चमच्याचा दांडा कापून त्याला गळ जोडला. पडलेला चमचा काय किंवा भिरकावलेला तुकडा काय, या दोन गोष्टींचा साचा इतका सारखा आहे की त्या अक्षरशः खऱ्या मानाव्यात असे मला वाटत नाही. पण दोन्हींतले निरीक्षण खरे आहे: माशाला वस्तूपेक्षा तिची हालचाल आधी दिसते. ओहायो राज्यातील रायली हॅस्केल यांनी १८५९ मध्ये पेटंट घेतलेला धातूचा मासाही याच विचारातून आला. त्याच्या अंगाचा मागचा अर्धा भाग पाण्यात ओढताना गरगर फिरतो. पुढे अ‍ॅक्रन गावच्या फ्लूगर यांनी १८८३ मध्ये अंधारात चमकणाऱ्या रंगाच्या आमिषाचे पेटंट घेतले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला आमिषापेक्षा रीळात सापडते. आपले कोळी बांधव सांगतात ते ज्ञान जुनेच आहे, पण हलके लाकडी आमिष तीस-चाळीस हात लांब फेकायचे आणि वेगाने परत ओढायचे, तर त्यासाठी साधन लागते. केंटकीमधील घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे रीळ बनवले की मूठ एकदा फिरवली की दोऱ्याची चकरी अनेकदा फिरे. घड्याळाच्या दातेरी चाकांचे कसब त्यांनी तिथे वापरले. शतकाच्या अखेरीस आमच्या कॅलमझू गावचे विल्यम शेक्सपिअर (नाटककाराशी यांचा संबंध नाही) यांनी गुंडाळताना दोरा आपोआप डावी-उजवीकडे सरकत एकसारखा बसेल अशी रचना केली. त्याआधी हे काम अंगठ्याने करावे लागे आणि जरा दुर्लक्ष झाले की दोऱ्याचा गुंता होई. रीळ सुधारले, काठी आखूड झाली आणि मगच लाकडी मासा उपयोगाचा ठरला. कॅलमझू आणि डोवाजॅक ही गावे एकमेकांच्या इतकी जवळ असावीत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

जतनकार्य

मी पुण्यात वस्तूंच्या संवर्धनाचे काम करते. मासेमारीतले मला फारसे कळत नाही, पण दोन मुद्दे मांडावेसे वाटतात.

पहिला मुद्दा इतिहासाचा. या धाग्यात कृत्रिम आमिषाची गोष्ट अमेरिकेत सुरू होते आहे, हे मला अपुरे वाटते. पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन बेटांवर शिंपल्याच्या चकाकत्या मोतीपट्टीला हाडाचा किंवा कासवाच्या कवचाचा गळ बांधून बोनिटो मासा पकडत असत. त्याला खाण्याचे आमिष लावावेच लागत नसे, कारण ती चकाकीच आमिष होती. रोमन काळातील लेखक ईलियन याने, इसवी सन २०० च्या आसपास, मॅसिडोनियातील अस्ट्रेयस नदीवर गळाला लाल लोकर गुंडाळून तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याजवळच्या लोंबत्या लाल कातडीखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधणाऱ्या माणसांचे वर्णन केले आहे. म्हणजे माशाला फसवण्याची कल्पना फार जुनी आहे. डोवाजॅकला नवे काय घडले, ते मिशिगनकरांनी नेमके सांगावे.

दुसरा मुद्दा जतनाचा. रंगवू नये हे शंभर टक्के मान्य, पण ‘काहीच करू नये’ असेही नाही. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, त्यासोबत फुगते आणि आकसते. वरचा एनॅमलचा थर जुना होऊन कडक झालेला असतो, त्याला हे ताणणे सोसत नाही आणि तो तडकतो. त्यामुळे आमिष उन्हात किंवा तापणाऱ्या माळ्यावर ठेवू नये, आणि पाण्याने तर मुळीच धुऊ नये. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ काढणे पुरेसे आहे. गळावरचा गंज खरवडून काढला तर कडीभोवतीचा रंगही निघतो. तो गंजसुद्धा त्या वस्तूच्या वयाचा पुरावा आहे.

मिशिगनकर

जतनकार्यताई, आपण दाखवलेली उणीव रास्त आहे. माझ्या पहिल्या लेखात तो भाग यायला हवा होता.

डोवाजॅकचे वेगळेपण मी असे सांगेन. मोतीपट्टी आणि लोकरीची माशी ही दोन्ही त्या त्या नदीची, त्या त्या माशाची आणि बांधणाऱ्याच्या हाताची होती. हेडन यांनी, आणि त्यांच्या काळाच्या आगेमागे शेक्सपिअर, साउथ बेंड, फ्लूगर, पॉ पॉ आणि क्रीक चब या कंपन्यांनी, ती क्रमांक देऊन, ठरावीक रंगांत, खोक्यात घालून, टपालाने कुणालाही मिळेल अशी वस्तू केली. त्यामुळे एका गावच्या माणसाचे निरीक्षण दुसऱ्या राज्यातल्या तळ्यावर तपासले जाऊ लागले. फ्लोरिडातून आलेल्या तरंगत्या लाकडी आमिषाच्या कल्पनेवरून हेडन कंपनीने १९२०च्या दशकात झॅरागोसा नावाचा नमुना काढला, आणि तोच पुढे प्लास्टिकमध्ये झॅरा स्पूक झाला. तो आजही विकला जातो.

आता वयाच्या पुराव्याविषयी, कारण हा माझा सर्वांत आवडता विषय आहे. हेडनचे आमिष उलटे धरून गळ शरीराला कसा जोडला आहे ते पाहावे. अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत लाकडात कोरलेल्या छोट्या धातूच्या वाटीत साधा स्क्रू असतो. नंतर इंग्रजी एल अक्षरासारख्या आकाराची कडी येते, आणि त्यानंतर दोन तुकड्यांची पट्टी. डोळे आधी काचेचे असतात. १९३० आणि १९४०च्या दशकांत ते हळूहळू जाऊन रंगवलेले डोळे येतात. अगदी जुनी खोकी सरकत्या झाकणाची लाकडी असत, पुढे पुठ्ठ्याची आली. या तिन्ही गोष्टी एकमेकांशी जुळल्या, तर आमिषाचे वय बरेच नेमके सांगता येते.

अ‍ॅक्रनच्या फ्रेड आर्बोगास्ट यांच्या जिटरबग या आमिषाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. त्याच्या तोंडाशी दोन पाळ्यांची धातूची पट्टी असते, ती पाणी आळीपाळीने डावी-उजवीकडे ढकलते, आणि रात्री शांत तळ्यावर त्याचा ‘डुबुक डुबुक’ असा ठराविक ताल ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धात धातूचा तुटवडा पडला, तेव्हा तीच पट्टी प्लास्टिकची बनवली गेली. म्हणून प्लास्टिकच्या ओठाचा जिटरबग हाती आला की तो युद्धकाळातला असावा असे समजतात. माझ्या पेटीच्या मधल्या कप्प्यात असा एक आहे. युद्धाच्या बातम्या रेडिओवर ऐकत कुणी तरी तो संध्याकाळी पाण्यात टाकत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

रानवाटा

फार उपयुक्त धागा. या वस्तूंना बाजारात किंमत किती येते?

मिशिगनकर

रानवाटा, बहुतेकांना फारशी नाही. लाखोंच्या संख्येने बनलेली आमिषे थोड्या डॉलरांत मिळतात. पण अपवाद मोठे आहेत: वर उल्लेख केलेल्या हॅस्केल माशाचा एक मोठा नमुना २००३ मध्ये लिलावात १,०१,२०० डॉलरला विकला गेला. संग्राहकांची राष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून दर्जा ठरवण्याचे निकष पुष्कळ स्थिरावले आहेत. पुन्हा रंगवलेल्या आमिषाचे मोल त्या निकषांत एकदम खाली येते. जुना म्हणून विकला जाणारा रंग खरोखर जुना आहे का, हे पाहण्यासाठी जाणकार अतिनील दिवा वापरतात, कारण त्याच्या प्रकाशात नव्या रंगाची चमक बऱ्याचदा वेगळी दिसते. तरीही केवळ पैशासाठी कुणी या वाटेला जाऊ नये असे मी कळकळीने सांगेन.

सावित्रीतीर

मिशिगनकर, आपण ओठाचा उल्लेख केलात. आम्ही जिताड्याला वापरतो त्या सगळ्या ल्युअरना पुढे पारदर्शक ओठ असतो आणि तो जितका लांब, तितके ते खोल जाते. ही युक्ती कोणाची? हेडनच्या पाच गळांच्या माशाला तर आपल्या वर्णनात ओठ दिसत नाही.

मिशिगनकर

बरोबर ओळखलेत. डोवाजॅक मिनो सरळ रेषेत येतो, त्याच्याजवळ फक्त पंख्यांची खळबळ असते. डुलत पोहणारे आमिष लोकप्रिय करण्याचे श्रेय इंडियाना राज्यातल्या गॅरेट गावच्या क्रीक चब कंपनीला द्यावे लागेल. तिथल्या हेन्री डिल्स यांनी आमिषाच्या तोंडाखाली धातूची तिरकी पट्टी बसवली. ओढताना पाणी त्या पट्टीवर आदळते आणि तोंड खाली दाबते. पट्टीच्या एका कडेने पाणी निसटले की आमिष दुसऱ्या बाजूला झुकते, तिथून निसटले की परत पहिल्या बाजूला. माशाच्या पोहण्यासारखी ही डुलण्याची चाल त्यातून येते. आपल्या पारदर्शक ओठात आजही हेच घडते. याच कंपनीने जाळीवरून रंग फवारून खवल्यांचा आभास निर्माण केला. भिंगातून पाहिले तर त्या जाळीच्या गाठी रंगात उमटलेल्या दिसतात.

नव्याने संग्रह करणाऱ्यांसाठी एक सूचना याच पट्टीवरून आठवली. क्रीक चबच्या ओठावर ७ सप्टेंबर १९२० ही तारीख उठवलेली आढळते. ती पेटंटची तारीख आहे, बनवल्याची नव्हे. पुढे अनेक वर्षे तोच ठसा वापरात होता. ती तारीख पाहून आमिष शंभर वर्षांचे आहे असे सांगणारे विक्रेते मला भेटले आहेत. त्यांतले काही अजाणतेपणी तसे सांगतात, पण घेणाऱ्याने डोळे आणि कड्या पाहूनच निर्णय घ्यावा.

क्रीक चबचे नाव आणखी एका कारणाने राहील. जॉर्जिया राज्यातील मंटगमरी तळ्यात २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १०.१ किलोचा, लार्जमाऊथ बास पकडला, तो याच कंपनीच्या आमिषावर. मंदीचे दिवस होते. मासा वजन करून घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. या विक्रमाची बरोबरी व्हायला सत्त्याहत्तर वर्षे लागली: २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पकडलेला मासा जेमतेम एका औंसाने जड भरला. नियमानुसार इतका फरक पुरेसा नसल्याने दोन्ही नावे विक्रमात एकत्र नोंदली गेली. कुरिता यांनी जिवंत मासा आमिष म्हणून वापरला होता, पेरींनी लाकूड.

उत्तरध्रुवी

नमस्कार. मी फिनलंडमध्ये राहते आणि सावित्रीतीर यांनी ‘रापाला’ हा शब्द वापरल्यामुळे लिहिल्याशिवाय राहवले नाही.

लाउरी रापाला हे इथले पेशाने मच्छीमार होते, छंद म्हणून मासे पकडणारे नव्हते, हे मला महत्त्वाचे वाटते. पाय्यान्ने सरोवरात नाव वल्हवत असताना त्यांनी पाहिले की मोठे मासे छोट्या माशांच्या थव्यावर तुटून पडताना जो जखमी आहे, किंचित कलून वेगळ्या चालीने पोहतो आहे, त्यालाच आधी गाठतात. १९३६ मध्ये त्यांनी चांभाराच्या चाकूने बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद चिकटवला आणि छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला, असे सांगितले जाते. हाताशी पैसा नसलेल्या माणसाने घरातल्या टाकाऊ वस्तूंतून हे बनवले. पुढे बुचाची जागा बाल्सा लाकडाने घेतली. तयार झालेले प्रत्येक आमिष पाण्याच्या टाकीत ओढून त्याची चाल तपासण्याची पद्धत त्यांच्या कंपनीने पुढेही जपली.

१९५९ पासून मिनियापोलिसच्या दोघा व्यावसायिकांनी ते अमेरिकेत नेले. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यावर लेख आला. मुखपृष्ठावर नुकत्याच निधन पावलेल्या मेरिलिन मन्रो होत्या, त्यामुळे तो अंक प्रचंड खपला आणि मागणीचा पूर आला. त्या अंकाआधीची, हाताने कोरलेली आमिषे इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात क्वचित दिसतात. मी एक हातात घेऊन पाहिले आहे. ते इतके हलके होते की तळहातावर आहे की नाही हे कळेना, आणि पोटाखाली चाकूच्या धारेचे सपाट पैलू बोटाला जाणवत होते.

मिशिगनकर

उत्तरध्रुवीताई, चाकूच्या पैलूंची ही नोंद फार मोलाची आहे. कारखान्यात लेथवर फिरवलेल्या लाकडावर असे पैलू नसतात. हेडन यांनी कोरलेल्या बेडकांवर ते दिसतात आणि नंतरच्या मिनोवर दिसत नाहीत. हाताकडून यंत्राकडे झालेला प्रवास बोटाने वाचता येतो तो इथे.

प्लास्टिकविषयीही थोडे लिहितो. १९४९ मध्ये निक क्रीम यांनी अ‍ॅक्रनमध्ये मऊ प्लास्टिकचा गांडूळ बनवला आणि बासची मासेमारी बदलून गेली. पण जुन्या आमिषांचे त्याने फार नुकसान केले. मऊ प्लास्टिक लवचीक राहावे म्हणून त्यात घातलेला तेलकट पदार्थ शेजारच्या रंगात आणि कडक प्लास्टिकमध्ये मुरतो आणि ते विरघळवतो. माझ्या पेटीच्या तळाच्या कप्प्यात जांभळे गांडूळ अनेक वर्षे पडून होते. त्यांच्याखाली ठेवलेल्या दोन आमिषांचे रंग सोललेल्या सालीसारखे सुरकुतले आहेत आणि एकाच्या पाठीवर गांडुळाच्या वळ्यांचा ठसा खोल उमटला आहे. आपल्याकडे जुनी पेटी असेल तर आजच मऊ प्लास्टिक बाजूला काढावे, ही विनंती.

भीमाशंकरी

मी इथे प्रथमच लिहितो आहे. धागा वाचून आजोबांची डबी काढली. ते १९४०च्या दशकात रेल्वेत होते आणि सुट्टीत साहेबांबरोबर महासीर हा नदीतला मोठा मासा पकडायला जात, एवढेच घरात ठाऊक आहे. डबीत पितळेचा एक चमचा आहे, लांबी करंगळीएवढी, आतली बाजू काळवंडलेली, बाहेरच्या बाजूला कधीकाळी चंदेरी मुलामा असावा. मागच्या कडीला तीन काट्यांचा गळ आहे, पण त्याचे दोन काटे आत चेपून जवळजवळ एकमेकांना टेकले आहेत. वहिनी म्हणतात चिंचेने घासून लख्ख करू आणि गळ सरळ करू. काय करावे?

मिशिगनकर

भीमाशंकरी, कृपया चिंच लावू नका आणि गळाला पक्कड लावू नका. आपल्याकडे या धाग्यातली कदाचित सर्वांत बोलकी वस्तू आहे.

ब्युएल यांनी ज्याचे पेटंट घेतले त्याच कुळातला हा चमचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी तो भारतातल्या नद्यांवर आणला. मद्रास सनदी सेवेतील हेन्री सुलिव्हान थॉमस यांचे भारतातील गळमासेमारीवरचे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरहून प्रसिद्ध झाले, आणि महासीर हा त्यातला मुख्य मासा. महासीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, पण त्याच्या तोंडाची पकड अशी जबरदस्त असते की ट्राउट माशासाठी बनवलेले नाजूक गळ त्यात चेपून निकामी होतात. म्हणून महासीरच्या चमच्याला जाड तारेचे गळ लावायला लोक शिकले. आपल्या गळाचे चेपलेले काटे बहुधा हाच धडा दाखवत आहेत. चमच्याच्या अरुंद टोकाशी, आतल्या बाजूला, एखाद्या दुकानाचा किंवा कारखान्याचा ठसा आहे का ते तिरक्या उजेडात पाहावे.

जतनकार्य

दुजोरा देते. चिंचेतले आम्ल पितळेतले जस्त आधी खाते आणि पृष्ठभाग तांबूस, सच्छिद्र होतो. काळवंडलेला थर आतल्या धातूचे रक्षण करतो आहे. आम्लविरहित कागदात गुंडाळावा, रबर आणि लोकर यांपासून दूर ठेवावा.

सावित्रीतीर

महासीरचा विषय निघाला म्हणून एक भर घालतो. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात देवाचे मासे म्हणून महासीर आजही राखले जातात, त्यांना कुणी गळ टाकत नाही. लोणावळ्याला टाटांच्या वीज प्रकल्पाच्या तलावावर गेली काही दशके महासीरची पैदास होते. या आजोबांच्या काळात नद्यांत हा मासा किती होता, हे त्या चेपलेल्या गळावरून थोडेफार कल्पिता येते.

भीमाशंकरी

आपल्या सूचनेप्रमाणे काल सकाळी खिडकीच्या तिरक्या उजेडात पाहिले. ठसा नाही. पण चमच्याच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, दोन उथळ खोलगट खाचा आहेत आणि त्यांच्याभोवतीचा मुलामा उडाला आहे. गळाची कडी मूळची नाही: तिच्या जागी जाड तार दुहेरी वळवून, टोके पक्कडीने पिळून बसवली आहेत, आणि ते काम घरी केलेले दिसते. आजी सांगायची की आजोबा संध्याकाळी ओसरीवर पक्कड घेऊन बसत, पण ते कशासाठी हे तिला ठाऊक नव्हते. चमचा वहिनींनीच जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवला आहे.